साळूबाईंचा चेहरा

सांगलीत खोत मास्तरांचं डोकं नेमकं कशानं फिरलं, याबद्दल लोकांची मतं ठाम आहेत. मुंबईहून आणलेल्या परदेशी चित्रांच्या पुस्तकांनी घात केला, असं शाळेतले सहकारी म्हणतात. हळदीच्या पेठेतले त्यांचे सख्खे काका छातीठोकपणे सांगतात, की धन्यकुमारला कावीळ झाली होती आणि तेव्हापासून त्याला माणसं वाकडीतिकडी दिसायला लागली. दोन्ही मतं साफ खोटी. कावीळ झाली होती हे खरं, पण ती नंतर. जे काय घडलं ते उंब्रजच्या पलीकडं दोन मैलांवर, कृष्णाकाठच्या एका गावात, एका निवृत्त हवालदाराच्या सोप्यात घडलं. साल १९७४, महिना माघ.

धन्यकुमार खोत म्हणजे हायस्कुलात चित्रकला शिकवणारे मास्तर, आणि शाळा सुटल्यावर मेलेल्या माणसांची तैलचित्रं काढणारे चित्रकार. हे दुसरं काम त्यांच्याइतकं चोख सांगली-साताऱ्यात कुणी करत नसे. पद्धत ठरलेली. घरच्यांनी आणलेल्या फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनात जे असेल ते इकडून तिकडं न्यायचं. कुठं भुवई, कुठं नाकपुडी, कुठं नुसताच जरीचा काठ. शेवटी रेघा रंगाखाली बुजवल्या की मेलेला माणूस गुळगुळीत होऊन फ्रेममध्ये बसायचा. घरातल्या बायका डोळ्याला पदर लावून म्हणायच्या, आता बोलतील बघा. सुरुवातीला धन्यकुमारांना ते ऐकून बरं वाटायचं. पंधरा वर्षांनी मात्र असं वाटायला लागलं, की सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस मरतोय आणि आपण त्यालाच पुन्हा पुन्हा काढतोय.

म्हणून माडीवर दार लावून ते दुसरंच काहीतरी काढायचे. फ्रान्समधल्या चित्रकारांनी काढलेला घनवाद त्यांनी पुस्तकात पाहिला होता. एकाच वस्तूच्या चारी बाजू एकदम दाखवायच्या, गोलाई मोडून त्रिकोण-चौकोन करायचे, हे त्यांना भारी आवडलं होतं. पुस्तकात बाटली होती, गिटार होती, टेबलावर मासा होता, म्हणून यांनीही तेच काढलं. आता जैनाच्या घरात मासा कुठून येणार, आणि बाटली म्हणजे काय ती खोबरेलाची. त्यांची बायको त्रिशला एकदा झाडायला म्हणून वर आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“ही गिटार वाजवता कधी तुम्ही?”

“नाही.”

“आणि मासा?”

“अगं, ते शैलीसाठी असतं.”

“असेल बाई,” असं म्हणून तिनं केर गोळा केला आणि ती खाली गेली. धन्यकुमार चिडले. पण ती म्हणाली ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं. चित्रं हुशारीची होती, फक्त त्यांत त्यांचं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी लष्करातले निवृत्त हवालदार जोतीराम त्यांच्या दारात आले. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं ताठ, मिशा कातरलेल्या, पायात फौजी बूट आणि खांद्यावर ओल्या शेंगांचं गाठोडं.

“साताऱ्याला एका शाळंत तुमी काढल्याला फोटू बगितला,” ते म्हणाले. “त्यो म्हातारा असा बगत हुता, म्या दोनदा रामराम घातला. आमच्या मंडळीचा तसा फोटू पायजे, मास्तर. माघात वर्षश्राद्ध हाय.”

“फोटो आणलाय का?”

जोतीरामांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालाच्या घडीतून एक फोटो. त्यांच्या मुलीच्या लग्नातला. मधे नवरानवरी, मागं वऱ्हाडी, पुढं मांडी घालून बसलेली भावकी. जोतीरामांनी बोट ठेवलं ते अगदी उजव्या कडेला. तिथं एक कोपर होतं. काकणं चढवलेलं, पिठानं पांढरं झालेलं.

“ही ती,” ते म्हणाले. “फोटूवाला पंगतीच्या येळंला आला. ती चुलीपाशी हुती. हाक मारली तर आले आले म्हनाली. तवर त्यानं खटका दाबला.”

“दुसरा एखादा?”

“न्हाई. काढायचा काढायचा म्हणत ऱ्हायलं.”

कोपरावर चौकोन आखून काय होणार? पण धंद्यात त्यावरही एक जुना तोडगा होता. मेलेल्या माणसाच्या तोंडवळ्याचं घरातलं कुणी असेल तर त्याला मेलेल्याचे कपडे घालून समोर बसवायचं, आणि घरच्यांनी सांगितलं तसं नाक, हनुवटी कमीजास्त करायची. धन्यकुमारांनी अशी चार-पाच चित्रं केली होती आणि कुणाचीही तक्रार आली नव्हती. जोतीरामांच्या बायकोची, साळूबाईंची, थोरली बहीण चंद्राबाई हयात होती. दोघी म्हणे एका साच्यातल्या.

पुढच्याच रविवारी धन्यकुमार त्या गावाला गेले. घर साधं, मातीचं, दारातून शिरलं की सोपा, म्हणजे बैठकीची जागा, आत माजघर आणि त्याच्या तोंडाशीच चूल. जोतीरामांची आई मनुबाई सोप्यातल्या खांबाला टेकून बसलेली असे. वय ऐंशीच्या पुढं, पण घरातलं पान तिला न विचारता हलत नव्हतं, कारण त्या खांबापासून अंगण, माजघर आणि चूल तिन्ही दिसायचं. जोतीरामांची इस्लामपूरला दिलेली मुलगी राहीबाई मुद्दाम आली होती. तिनं ट्रंकेतलं आईचं लुगडं काढलं, नथ काढली, आणि चंद्राबाईला नेसवून खिडकीपाशी बसवलं. बसवलं आणि स्वतःच हमसून रडायला लागली.

मग सगळ्यांनी मिळून साळूबाई घडवायला घेतली. नाक जरा बारीक होतं, कपाळ मोठं होतं, हनुवटीवर तीळ होता, नव्हता, होता पण डाव्या बाजूला. जोतीराम तेवढे गप्प होते. मास्तर जैन, दिवस मावळल्यावर जेवणार नाहीत, एवढं मात्र त्यांनी लक्षात ठेवलं आणि चार वाजताच पान वाढायला लावलं.

तीन आठवड्यांनी धन्यकुमारांनी चित्र आणलं. भिंतीला टेकवून वरची चादर काढली तशी बायकांनी तोंडाला पदर लावले. चंद्राबाईनं बहिणीच्या नावानं हंबरडा फोडला. “आईच माजी,” राहीबाई म्हणाली आणि तिनं चित्रातल्या पायावर डोकं ठेवलं असतं, पण चित्र छातीपर्यंतच होतं.

जोतीरामांनी एकदा वर पाहिलं, झटकन मान खाली घातली आणि ते उठून गोठ्याकडं गेले. धन्यकुमार मागोमाग गेले.

“हवालदारसाहेब, चुकलं का काही?”

“चुकलं न्हाई वो. लय झ्याक हाय.” जोतीराम म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. “पर ती चंद्राबाई हाय. माजी अक्कडसासू. बायकूची थोरली भन म्हंजे सासूच की. तिच्याम्होरं म्या आजवर मान वर केली न्हाई. आता तिला भिताडावर लावून रोज फुलं वाहू व्हय?”

धन्यकुमारांना हसू फुटलं, पण समोरचा माणूस हसत नव्हता. “बरं, काय बदलू सांगा. डोळे बदलू? नाक?”

जोतीरामांनी म्हशीला वैरण टाकली. “चला,” ते म्हणाले, “यष्टीपतूर येतो.”

चित्र पुन्हा चादरीत बांधून घेऊन दोघं उंब्रजपर्यंत दोन मैल चालत आले. स्टँडवर एस.टी. यायची होती. दोघं कडेच्या लिंबाखाली बसले. जोतीरामांनी आजूबाजूला बघून घेतलं, ओळखीचं कुणी नव्हतं.

“मास्तर, तुमास्नी खोटं सांगत न्हाई. मला तिचं त्वांड आठवत न्हाई.”

धन्यकुमारांना वाटलं, आपण ऐकलं ते बरोबर नसेल.

“बावीस वर्सं पलटणीत हुतो. वर्साला दोन म्हयने रजा. घरात आई, बा, थोरलं भाऊ. सगळ्यांदेखत बायकूकडं बगायचं म्हंजे निलाजरंपना. आई खांबाला बसल्याली. ही म्होरनं गेली की म्या भुईकडं बगायचं, आन हिचा पदर हितपतूर.” त्यांनी हात नाकाशी नेला. “अंधारात काय ते बोलनं. पेन्शनीवर आलो तवा वाटलं, आता निवांत बसू. पर आई तितंच, आन आमास्नी सवय लागल्याली. नऊ वर्सं तशीच गेली. ती गेली त्या दिशी समद्यांनी त्वांड बगून घेतलं. म्हनलं आता तरी बगावं. तर आई हुबी, भावकी हुबी. म्या पायाकडंच बगितलं.”

पन्नाशी उलटलेला गडी, मान खाली घालून बुटाच्या टोकानं माती उकरत बसला होता. फोटो नाही म्हणून हा माणूस आला, असं धन्यकुमार इतके दिवस समजत होते.

“काहीच आठवत नाही?” त्यांनी हळूच विचारलं.

“आठवतं की. पर तुकडं तुकडं.” जोतीराम आता समोर रस्त्याकडं बघत बोलायला लागले. “चुलीपाशी फुकनी फुकायची तवा एका अंगाचा गाल दिसायचा, लालभडक. जेवताना ताट फुडं सारायची, त्यो हात. मनगाटावर भाजल्याचा डाग. पान्याला निघाली की पाठमोरी, मानंवर गोंदल्यालं. आन रजा संपून मी निघालो की दाराआड हुबी ऱ्हायाची. फळीच्या कडंनं येकच डोळा दिसायचा. त्यो येक डोळा म्या आसामात घिऊन गेलो, लडाखात घिऊन गेलो. आन पाय. पाय लय वळखीचं, कारन मान खालीच असायची न्हवं.” ते जरा हसले. “ह्याचं जोडून येक त्वांड करा, मास्तर. कसं बी करा. वर्षश्राद्धाच्या आत मला ती येकदा नीट बगायची हाय.”

तेवढ्यात गाडी आली.

सांगलीला परतल्यावर धन्यकुमारांनी जोडायचा प्रयत्न केला. चुलीजवळचा गाल बाजूनं दिसलेला, दाराआडचा डोळा समोरून, मान पाठीमागून. नाकाला डोळा लावावा तर नाक हटकून वळायचं. जरा गुळगुळीत करून सांधावं तर दर खेपेला तिथं चंद्राबाई येऊन बसायची. तीन कॅनव्हास वाया गेले. पंधरा वर्षं त्यांच्याकडं अख्खा चेहरा यायचा आणि ते त्याचे चौकोन पाडायचे. आता चौकोनच आले होते आणि चेहरा नव्हता.

चौथ्या कॅनव्हासवर त्यांनी सवयीनं रेघा आखल्या, आणि पुढचं पुढं बघू म्हणून एकेक तुकडा आपापल्या जागी ठेवला. चुलीचा गाल तांबड्या पाचरीसारखा एका बाजूला. काळ्या चौकटीच्या कडेला तो एक डोळा. हात चेहऱ्याहून मोठा, कारण जोतीरामांनी तो सगळ्यांत जवळून पाहिला होता. मानेवरचं गोंदण वर, पाय खाली. मधून हिरव्या लुगड्याच्या घड्या, त्रिकोणाला त्रिकोण लागून, एका तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणाऱ्या. सगळं झाल्यावर सांधायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण सहाव्या दिवशी ब्रश हातात घेऊन उभे राहिले तेव्हा सांधायचं काहीच उरलेलं दिसेना. आखलेल्या रेघासुद्धा त्यांनी बुजवल्या नाहीत. एवढी वर्षं पुस्तकात बघून जे करत होतो ते हे, आणि हे पुस्तकात बघून येत नाही, एवढं त्यांना त्या क्षणी कळलं आणि त्यांनी ब्रश खाली ठेवला.

उन्हं कलायला लागली तशी त्रिशला जेवायला बोलवायला वर आली. बराच वेळ बघत राहिली.

“ही बाई कामात आहे,” ती म्हणाली. “बघायला थांबायला तयार नाही.”

“चांगलं झालंय का?”

“मला त्यातलं काय कळतंय? पण गिटार नाही दिलीत ते बरं केलंत.” आणि मग जिन्यात थांबून, मागं न बघता म्हणाली, “त्या घरात हसतील हो तुम्हाला.”

हे त्यांनाही माहीत होतं. आपल्याला हसले तर हसले, पण मेलेल्या बाईला तिच्याच वर्षश्राद्धाला कुणी हसलं तर? त्या विचारानं त्यांची झोप उडाली. शेवटी भित्रा माणूस करतो तेच त्यांनी केलं. दोन्ही चित्रं एकाच चादरीत बांधली आणि गाडीच्या टपावर चढवली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सोपा माणसांनी भरला होता. पाटावर दिवा होता, नैवेद्याचं पान मांडायचं होतं. राहीबाईनं पहिलं चित्र ओळखून पाटावर उभं केलं आणि पदरानं त्याची चौकट पुसली. धन्यकुमारांनी घसा खाकरून सांगितलं, की अजून एक आहे, हवालदारांनी सांगितलं त्यावरून केलेलं, आणि ते शेजारी ठेवलं.

“आगं बया!” चंद्राबाई म्हणाली. “हिचा दुसरा डोळा कुटं गेला?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हात एवढा मोठा का, पाय कुठल्या अंगानं आलेत, हे पत्र्याचे तुकडे का कापडाचे, अशी कुजबुज सुरू झाली. राहीबाईचा चेहरा लाल झाला.

“मास्तर, माज्या आईची थट्टा हाय का ही?”

काय सांगणार? धन्यकुमारांनी चादर उचलली आणि चित्रावर टाकायला वाकले.

“ऱ्हाऊ द्या,” जोतीराम म्हणाले.

ते पुढं आले. टोपी काढून त्यांनी बाजूला ठेवली आणि चित्रासमोर मांडी घालून बसले. आधी नजर सवयीनं खाली गेली, पायांवर. तिथून ती हातावर आली, भाजल्याच्या डागावर थांबली. मग तांबड्या गालावर, मग गोंदणावर. मग हळूहळू त्यांनी मान पूर्ण वर केली आणि दाराआडच्या त्या डोळ्याकडं बघितलं. आई बसलेली, लेक उभी, अक्कडसासू शेजारी, सगळी भावकी हजर. तरी त्यांनी मान खाली घातली नाही.

“आलीस व्हय गं,” जोतीराम म्हणाले. “बस की जरा.”

राहीबाई काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात खांबापाशी काठी वाजली. आता म्हातारी हवालदारांना झापणार, असं सगळ्यांना वाटलं. मनुबाईनं चित्राकडं पाहिलंच नाही. ती पोराकडं बघत होती, त्याच्या वर उचललेल्या मानेकडं. बराच वेळ तिनं तसंच बघितलं आणि मग काठीवर भार देऊन उठायला लागली.

“राहे, हात दे. उठा गं बायांनो, समदी उठा. भायेर चला.”

“आजी, निवद दावायचा ऱ्हायलाय,” राहीबाई म्हणाली.

“निवद थांबंल. म्या हितं बसून बसून ह्या दोगास्नी कवा बोलू दिलं न्हाई.” म्हातारी दाराकडं निघाली. “आता तरी बोलू द्या.”

एकेक करून सगळे बाहेर आले. चंद्राबाई आली, डोळे पुसत राहीबाई आली, सगळ्यांत शेवटी धन्यकुमार. मनुबाई उंबऱ्याबाहेर, दाराला पाठ लावून उन्हात बसली. आतून जोतीरामांचा आवाज येत होता. म्हैस व्यायल्याचं सांगत होते, रेडकू कुणाच्या वळणावर गेलंय ते सांगत होते. मधेच थांबायचे आणि पुन्हा सांगायला लागायचे. धन्यकुमारांना ते ऐकवेना, आणि तिथून हलवेही ना.

भावकीतला केरबा झेंडूचा हार घेऊन उशिरानं, धापा टाकत आला. अंगणात सगळी माणसं उभी बघून गोंधळला आणि तसाच दाराकडं निघाला. मनुबाईनं काठी आडवी धरली.

“थांब रं,” ती म्हणाली. “नवराबायकू बोलत्यात.”